उताराची माती आणि दोन चाळण्या

वाकसवाडी नावाच्या एका गावाला एक उतार होता. गावाच्या डोक्यावर, टेकडीच्या अंगाला. त्यावर ना झाड होते, ना गवत. पाऊस पडला की तिथली माती सुटून खाली यायची आणि गावच्या विहिरीचे पाणी चहासारखे दिसायचे.

गावातल्या बायकांनी तो उतार कसायला मागितला. गजराबाई शेंडगे ही त्यांची म्होरकी. तिचा आवाज खणखणीत आणि बोलणे त्याहून खणखणीत.

ग्रामसभेत सगळे हसले. एकजण म्हणाला, "गजराक्का, त्या खडकावर काय पिकवणार?"

"तुझ्या जिभेवर जेवढं पिकतं ना, त्याच्या निम्मं पिकलं तरी आम्हांला रगड झालं," गजराबाई म्हणाली.

उतार बायकांना मिळाला. त्यांनी डोक्यावरून पाट्या वाहून तिथे शेणखत टाकले. ताग पेरला आणि तो फुलावर आला की तिथेच मातीत गाडला. नांगर लावलाच नाही. मटकी घेतली, हुलगा घेतला. काही वर्षे गेली. पूर्वी तिथली माती मुठीत धरली की तिचे पीठ व्हायचे. आता तिच्यात रवे धरू लागले. बारीक बुंदीसारखी मोकळी, रवाळ माती. विहिरीचे पाणीही निवळ दिसू लागले.

मग एक दिवस त्या उताराखाली चांगला मुरूम असल्याचे कळले. मुरूम काढणाऱ्याने गावाला रस्ता बांधून द्यायचे कबूल केले. सरपंच रावबा ढगे हा वाईट माणूस नव्हता. पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून चिखलातून न्यावे लागते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्याला रस्ता हवा होता.

"बायांनी कष्ट केले, कबूल आहे," तो सभेत म्हणाला. "पण माती खरंच सुधारली का? का नुसतंच कौतुक?"

खूप बोलाचाली झाली. शेवटी ठरले की माती तपासून घ्यायची. रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात कोणीतरी ऐकले होते की चांगल्या मातीचे निम्मे रवे पाण्यात टिकतात. तीच रेघ सभेने धरली. उतारावरच्या मातीचे निम्मे रवे पाण्यात टिकले, तर उतार बायकांकडे राहणार. निम्म्याहून कमी टिकले, तर तिथे मुरूम खोदणार. दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या.

तालुक्याच्या गावी माती तपासायची एक लहानशी प्रयोगशाळा होती. तिथे कुमुदिनी साबळे काम करत. लोक त्यांना कुमुदताई म्हणत. त्यांचे काम नीटनेटके होते. आलेली माती त्या सावलीत वाळवत. मग ती बारीक चाळणीवर पसरून खालून हळूहळू ओल देत. चाळणी घंगाळातल्या पाण्यात हाताने वर-खाली करत. जे रवे फुटत, ते गाळ होऊन खाली जात. जे टिकत, ते चाळणीवर उरत. ते वाळवून त्या वजन करत.

माती घ्यायला कुमुदताई स्वतः वाकसवाडीला आल्या. त्यांनी पाट्या वाहणाऱ्या बायका पाहिल्या. एकीच्या डोक्यावर चुंबळीचा वळ कायमचा उमटला होता, तोही पाहिला. माती घेऊन त्या परत गेल्या, चाळणी पाण्यात धरली आणि काही दिवसांनी निकाल कळवला. शंभरातले सत्तर भाग टिकले.

गजराबाईने गावभर साखर वाटली. "आता बोला!" ती ज्याला त्याला म्हणाली.

रावबाला मात्र ते पटले नाही. त्याने त्याच उतारावरची माती जिल्ह्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथे नवे विजेचे यंत्र होते. तिथला निकाल आला. शंभरातले वीस.

गावात एकच गोंधळ उडाला. देवळापुढच्या पारावर लोक जमले.

"बाईनं बायांची बाजू घेतली, दुसरं काय!" कोणी म्हणाले.

"आणि तुमच्या यंत्राला मुरमाची धूळ लागली असंल," गजराबाईने उलटा टोला दिला.

दुसऱ्याच दिवशी ती तालुक्याला कुमुदताईंच्या दारात उभी राहिली. "ताई, एवढं लिहून द्या. त्यांचं यंत्र खोटं आहे म्हणा. तुमच्या शब्दाला किंमत आहे."

"मी ते यंत्र पाहिलेलं नाही, गजराबाई."

"पाहायचं काय त्यात? खोटं ते खोटं."

"न पाहता खोटं म्हटलं, तर माझ्या खऱ्यालाही कोणी खरं म्हणणार नाही," कुमुदताई म्हणाल्या. "मी जाऊन बघते. सभेला सांगा, मी येईपर्यंत थांबा."

गजराबाईला ते आवडले नाही. पण तिने सभेला निरोप पोचवला.

कुमुदताईंनी वाकसवाडीला जाऊन दोन पिशव्या भरल्या. एकीत बायकांच्या उतारावरची माती. दुसरीत शेजारच्या उतारावरची, जिथे कोणी काहीच केले नव्हते. वाळल्यावर रंगाला आणि वरवर दिसायला दोन्ही माती सारख्याच वाटत होत्या. त्या जिल्ह्याला गेल्या.

तिथल्या प्रयोगशाळेत मधुकर ठोंबरे होते. ते यंत्राच्या बाजूला असे उभे होते, जसा एखादा आपल्या बैलजोडीजवळ उभा राहतो.

"तुम्हीच सत्तर लिहिलंत ना?" त्यांनी विचारले. "हाताने?"

"हो."

"हात दमतो, बाई. यंत्र दमत नाही."

"म्हणूनच आले," कुमुदताई म्हणाल्या. "मला तुमचं यंत्र चालताना बघायचं आहे."

ही बाई भांडायला आली असेल, असे ठोंबऱ्यांना वाटले होते. ती बघायला आली म्हटल्यावर त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी सगळे दाखवले. माती आधी ओव्हनमध्ये घालून खडखडीत सुकवायची. मग ती एकदम पाण्यात बुडवायची. मग यंत्र सुरू. यंत्राचा दणका मोठा आणि वेग दांडगा. कुमुदताईंनी ठोंबऱ्यांची चाळणी हातात घेऊन उजेडात धरली. त्या चाळणीतून मोहरी आरामात गळली असती. त्यांच्या स्वतःच्या चाळणीवर खसखससुद्धा अडली असती.

ठोंबऱ्यांनी सुकी माती पाण्यात बुडवली आणि कुमुदताई बघत राहिल्या. सुकलेल्या रव्यांवर पाणी पडताच बारीक बुडबुडे वर आले आणि रवे आपोआप फुटू लागले. चाळणी अजून हललीही नव्हती.

"रव्याच्या पोटात हवा असते," त्या हळूच म्हणाल्या. "पाणी एकदम शिरलं की ती हवा रवा फोडून बाहेर पडते. मी हळू ओल देते, म्हणून माझ्याकडे तो फुटत नाही."

"मग खरी पद्धत कोणती?" ठोंबऱ्यांनी विचारले. त्यांच्या बोलण्यात आता खोच नव्हती.

"तापलेल्या रानावर वळीव कोसळतो, तेव्हा तुमची. दोन दिवस भुरभुर लागते, तेव्हा माझी. तुमचं यंत्र खोटं नाही. ते मातीला वेगळाच प्रश्न विचारतं."

ठोंबरे हसले. "चला, माझं यंत्र सुटलं. आता तुमचा हात बघू."

त्यांनी घंगाळ मागवले. कुमुदताईंनी आपल्या पद्धतीने दोन्ही माती ओल्या केल्या आणि एकामागून एक चाळल्या. ठोंबरे भिंतीला टेकून बघत होते.

चाळून झाल्यावर ते म्हणाले, "बाई, राग येणार नसेल तर एक बोलू?"

"बोला."

"त्या पडीक मातीला तुम्ही झपाझप हलवलंत. आणि बायकांच्या मातीला हात असा चालला, जसं पाळण्यात मूल आहे."

कुमुदताईंचा चेहरा उतरला. "असं होणार नाही," त्या म्हणाल्या. पण आपला हात आठवून बघताना त्यांना डोक्यावरच्या पाट्या आठवल्या, चुंबळीचा वळ आठवला.  मग म्हणाल्या, "पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या काढा. कुठली माती कुठली, मला सांगू नका. आणि मी हलवताना तुम्ही टाळी वाजवा. एका टाळीला एकदा वर, एकदा खाली. हाताला मनाचं ऐकू द्यायचं नाही."

ठोंबऱ्यांनी पिशव्या आत नेऊन अदलाबदल केली. ते टाळ्या वाजवत राहिले आणि कुमुदताई त्या तालावर चाळत राहिल्या. खांदे भरून आले, तरी त्यांनी ताल सोडला नाही. एकदा चाळून त्यांचे समाधान होईना. त्यांनी पुन्हा चाळले, पुन्हा वाळवले, पुन्हा तोलले.

मग कोणती माती कुठली, ते ठोंबऱ्यांनी सांगितले. बायकांच्या उतारावरची माती निम्म्याला अगदी थोडी कमी पडली होती.

 सभेची रेघ निम्म्याची होती. एवढ्याशा फरकाने उतार जाणार होता.

ठोंबरे हळू आवाजात म्हणाले, "सत्तर नाही म्हणा. पण पन्नास म्हणायला काय हरकत आहे? चिमूटभर तर फरक आहे. मी काही बोलायचा नाही."

"आज चिमूट ढकलली, तर उद्या मूठ ढकलीन," कुमुदताई म्हणाल्या. "हात एकदा माझ्या नकळत घसरला. आता कळून-सवरून घसरू देऊ?"

"पण बायकांचं काय?"

"त्यांचंच बघते आहे. पडीक मातीचं काय झालं, तेवढं सांगा."

ठोंबऱ्यांनी दुसरे वजन वाचले. पडीक मातीचे रवे जेमतेम उरले होते. मग दोघांनी मिळून दोन्ही माती यंत्रावर घातल्या. तिथेही तेच झाले. यंत्रावर बायकांच्या मातीचा आकडा लहान आला, पण पडीक मातीचा त्याहून कितीतरी लहान आला. चाळणी बदलली की आकडे बदलत होते. दोन मातींमधले अंतर मात्र दोन्हीकडे उघड दिसत होते.

"ठोंबरे, माझ्याबरोबर वाकसवाडीला याल?" कुमुदताईंनी विचारले.

"मला त्या गावात बोलावलंय कोणी?"

"मी बोलावते आहे. माझी चूक तुम्ही दाखवलीत. ती मी सांगेन, तेव्हा साक्षीला कोणीतरी हवं."

सभेला सारे गाव लोटले. बायका एका बाजूला बसल्या, पदर खोचून. रावबा खुर्चीत ताठ बसला होता. ठोंबऱ्यांना पाहून त्याला बरे वाटले. आपलाच माणूस आला, असे त्याला वाटले.

कुमुदताई उभ्या राहिल्या. 

"मी सत्तर सांगितले होते. ते चुकले. माती कोणाची हे मला माहीत होतं आणि माझा हात हळू चालला. नीट मोजलं, तेव्हा निम्म्याला थोडं कमी भरलं."

बायकांमध्ये एकदम कालवा झाला. गजराबाई ताडकन उठली. "ताई! तुम्ही आमच्या पायावर धोंडा टाकलात! आम्ही तुमच्या भरवशावर होतो!"

"झालं तर मग," रावबा म्हणाला. "बाई खऱ्या निघाल्या, त्यांचे आभार. निम्म्याला कमी. सभा संपली."

"सरपंच, थोडं थांबा. माझं अर्धंच बोलून झालंय," कुमुदताई म्हणाल्या. "निम्मे टिकले पाहिजेत, असं तुम्ही सगळ्यांनी ठरवलंत. कोणत्या चाळणीवर?"

रावबा गोंधळला. "म्हणजे?"

"तुमच्या घरी गडी आला आणि म्हणाला, दहा मापं धान्य द्या. तुम्ही काय विचाराल?"

"पायलीनं का शेरानं, ते विचारीन की."

"मग मातीच्या वेळी ते कोणीच विचारलं नाही. तुम्ही नाही, बायकांनी नाही. आणि मीही नाही. माझ्या चाळणीची भोकं बारीक, यांच्या चाळणीची मोठी. मी हळू भिजवते, हे एकदम बुडवतात. मी हाताने हलवते, यांचं यंत्र दणके देतं. रेडिओवरच्या माणसाने कोणती चाळणी धरली होती, कोण जाणे. अशा रेघेवर तुम्ही बायकांची इतक्या वर्षांची मेहनत ठेवलीत आणि गावचा रस्ताही ठेवलात."

"आता हे सगळं आकडा कमी आल्यावर सुचलं होय?" मागून कोणीतरी टोमणा मारला.

लोक हसले. कुमुदताईही थोड्या हसल्या. "सत्तर आले होते तेव्हाच सुचायला हवं होतं. तेव्हा आनंदात राहिलं. तेवढा दोष माझा."

ठोंबरे उठले. "मी तिथे होतो. बाईंना पन्नास म्हणता आलं असतं. मीच तसं सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही." एवढे बोलून ते खाली बसले.

 रावबाने कपाळ पुसले. "बरं बाई. तुमचं म्हणणं काय? कोणाची चाळणी खरी धरू?"

"कोणतीही धरा. फक्त दोन्ही माती त्याच चाळणीवर, त्याच हाताखाली घाला. बायकांनी राबलेली आणि कोणी न राबलेली. हात तुमचाच असू द्या. हवा तेवढा जोरात चालवा."

त्यांनी एक लाकडी चौकट आणली होती. तिच्यात एकाच मापाच्या दोन चाळण्या शेजारीशेजारी बसवल्या होत्या. चौकट हलली की दोन्ही सारख्याच हलणार. ठोंबऱ्यांनी बाहेर जाऊन सुकी माती दोन्ही चाळण्यांवर पसरली. कोणती माती कोणत्या चाळणीवर आहे, ते त्यांच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हते. गावजेवणाचे मोठे घंगाळ पाण्याने भरून मध्ये ठेवले.

"हळू भिजवायचं का?" रावबाने विचारले.

"तुम्हांला वाटेल तसं."

रावबाने बाह्या सारल्या. त्याने चौकट धाडकन पाण्यात बुडवली. बुडबुडे वर आले. मग तो हलवू लागला. नाही म्हटले तरी त्याच्या मनात राग होता, तो सगळा हातात उतरला. पाणी बाहेर उडाले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचे धोतर भिजले.

"अरे, माती तपासतोस का धुणं धुतोस?" म्हातारा ओरडला.

सभा खो-खो हसली. रावबा हलवतच राहिला. घाम आला, तेव्हा त्याने चौकट वर काढली.

सगळे वाकून बघू लागले. एका चाळणीची जाळी धुतल्यासारखी लख्ख झाली होती. कडेला चार खडे अडकले होते, बाकी काही नाही. दुसऱ्या चाळणीवर ओलसर रवे अजून होते. पुष्कळसे गेले होते. पण जे होते ते होते, एकमेकांना धरून.

"कोणती माती चांगली म्हणाल, सरपंच?" कुमुदताईंनी विचारले.

रावबा चाळणीवर वाकला. तो शेतकरी होता. त्याने उरलेले रवे बोटांनी उचलले आणि दाबून पाहिले. "याला काय विचारायचं? ही," तो म्हणाला. "पण ही कोणाची?"

"उतारावरची. बायकांची," ठोंबरे म्हणाले.

 रावबा खाली बसला. मग तो म्हणाला, "माझ्या हातानं फोडून फुटली नाही, ती माती मी खोदायला देऊ शकत नाही. रस्ता पाहिजेच आहे, तो मी सोडणार नाही. त्याला मुरूम दुसरीकडं बघू. ओढ्यापलीकडचा माळ आहे. लांब पडेल, वर्षभर उशीर होईल. पण बघू."

"ओढ्यापलीकडनं मुरूम आणायला बाया येतील," गजराबाई म्हणाली. "पाट्या आहेत आमच्याकडं."

सभेने मग एक नवी रेघ ठरवली. दरवर्षी बायकांची माती आणि शेजारची पडीक माती एकाच चौकटीत बघायची. निकाल सांगताना कोणती चाळणी, कसे भिजवले आणि कोणी हलवले, हे आधी सांगायचे. आकडा नंतर.

सभा उठल्यावर गजराबाई कुमुदताईंपाशी आली. तिची मान खाली होती. "ताई, लई बोलले मी तुम्हांला. अजून राग गेला नाही, खरं सांगते. सत्तर ऐकून साखर वाटली होती मी."

"राहू दे राग," कुमुदताई म्हणाल्या. "तुमच्या मातीला अजून निम्म्याची रेघ गाठायची आहे, माझ्याच चाळणीवर. ती खरंच कमी पडली आहे, ते विसरू नका."

गजराबाईने मान वर केली. "ताग पेरायला परवा सुरुवात करतो. पुढच्या वर्षी या. आणि हो, हात जोरात चालवा. आमची भीड धरू नका."

तात्पर्य: मापाचे साधन बदलले की आकडा बदलतो, म्हणून आकड्याआधी साधन विचारावे, सर्वांना एकच माप लावावे, आणि माप घेणारा हात आपला असेल तर त्याच्यावर सर्वांत कडक नजर ठेवावी.